मानशीवरचा माणूस

भावजी, तुमची लेक माझ्याकडे उत्तर मागतेय, आणि या घरात त्या एका विषयावर एकटीनं बोलायची मला सवय नाही. मी एक बोलायचं, तुम्ही ते खोडायचं, मग मी तुमचं खोडायचं, आणि तुमच्या शालननं आतून ओरडायचं की आता पुरे करा, चहा निवला. वीस-पंचवीस वर्षं अशी गेली. आता मी एक वाक्य बोलते आणि पुढं कुणी काही बोलतच नाही. असलं बोलणं मला जमत नाही हो.

परवा तुमचं बारावं झालं. सगळं रीतीनं केलं, कारण शालनची तशी इच्छा होती. तुम्ही असता तर बाहेर पायरीवर पेपर उघडून बसला असता, आणि पानं मांडल्याबरोबर पहिल्या पंगतीला हजर. भटजींनासुद्धा तुम्ही नाही ते चुकल्याचुकल्यासारखं झालं असावं. दर वेळी मंत्राचा अर्थ विचारून तुम्ही त्यांना घाम फोडायचात ना!

त्या दिवशी माणसं आली, बसली, आणि जे बोलायचं असतं ते बोलून गेली. वरच्या वाड्यावरचे काका म्हणाले, "जगाची घडी तोच बसवतो आणि तोच मोडतो, त्याच्या मनात असेल तसं." बिचाऱ्यांनी चांगल्या मनानं म्हटलं. पण सुमन उठली ती ताडताड आत आली. मी चुलीपाशी होते. तिनं माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि म्हणाली, "माई, बाबा म्हणायचे कोणी नाही. तू म्हणतेस आहे. मी लहान असल्यापासून तुम्हां दोघांचं हेच ऐकतेय. आता बाबा गेले. आता एकदाच खरं काय ते सांग."

मी म्हटलं, सांगते. त्याला दोन दिवस झाले. पोरगी जेवते, आईला जेवायला वाढते, आलागेला बघते, पण माझ्याकडे बघते तेव्हा तोच प्रश्न घेऊन बघते. ती आता म्हापशाला कॉलेजात जाणारी मुलगी आहे. हातावर साखर ठेवली की गप्प होईल अशी राहिलेली नाही. आणि मेल्याहून मेल्यासारखं झालंय ते दुसऱ्याच गोष्टीनं. जन्मभर माझ्या जिभेवर तयार असलेलं उत्तर गेले चौदा दिवस माझ्या तोंडातून फुटत नाही. त्या पोरीला सांगायचं काय, आणि सांगताना ते माझं मला तरी पटणार का?

म्हणून पहिल्यापासून आठवून बघतेय. सुरुवात माझ्याच फजितीनं झाली, ती तर तुम्ही गावभर केली होती.

लग्न होऊन मी पार्स्याहून आमोण्याला आले तेव्हा गोव्याच्या मुक्तीला काही फार वर्षं झाली नव्हती. आमचं माहेर डोंगराच्या उतारावर, काजूच्या झाडांत. नदी म्हणजे पूल ओलांडताना दिसते तेवढीच. खाजन शेती म्हणजे काय, बांधापलीकडे खारं पाणी शेताच्या डोक्याएवढं उंच उभं असतं म्हणजे काय, मला गंधही नव्हता. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवरून मांडवीकडे बघून म्हणाल्या, "भरती आयली. मानशीन दार धांपलें आसतलें." मी ऐकलं, 'मनशान'. माणसानं दार लावलं असेल! मला वाटलं, तिकडे बांधावर कोणी माणूस ठेवलेला आहे, भरती आली की दार लावायला आणि ओहोटी झाली की उघडायला. दिवसातून दोनदा, रोज, न चुकता. केवढं काम! मी नवी नवरी, मन हळवं. जेवायला बसल्यावर मी विचारलं, "त्या मनशाक जेवण कोण व्हरता?"

तुम्ही तेव्हा कॉलेजात होता. भात तुमच्या नाकात गेला. हे हसले, आई हसल्या, शेजारणीला बोलावून सांगितलं, तीही हसली. मला रडूच फुटलं. मग तुम्हांला दया आली, आणि दुसऱ्या दिवशी आईंना विचारून तुम्ही मला बांधावर नेलंत. तिथं ती मानस दाखवलीत. बांधात दगडी तोंड, आणि त्यात लाकडाचं जड दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाताना दाराला ढकलून जातं आणि दार उघडतं. भरतीचं खारं पाणी आत घुसायला बघतं आणि तेच पाणी दार दाबून मिटवतं. जाळं लावणारे तिथं मासळीसाठी यायचे, पण दाराला कोणी हात लावत नसे. "पळय वयनी," तुम्ही म्हणालात, "मनीस ना. आपशींच." म्हणजे आपोआप.

मी बघत राहिले. पाणी चढत होतं आणि दार हळूहळू मिटत होतं, खरोखर कोणीतरी मागून ओढून घ्यावं तसं. मला इतकं आवडलं ते की मी हसणं-रडणं विसरले. आणि मग माझ्या तोंडून गेलं, "पण हे दार असं तिरपं कुणी बसवलं?"

संपलं. त्या एका प्रश्नावर आपलं पुढचं सगळं आयुष्य गेलं.

तेव्हापासून माझ्या देवासाठी 'तुजो मनीस' हा शब्द तुमच्या तोंडी बसला तो बसलाच. पाऊस लांबला, की "वयनी, तुज्या मनशाक सांग." गाय विताना अडली, की "तुजो मनीस खंय गेला?" हे बिचारे पेपरातून डोकं वर काढायचे, त्यांना वाटायचं त्यांच्याविषयीच काही चाललंय. मी प्राथमिक शाळेत लागले, तुम्ही डिचोलीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागला, तरी आपलं दोघांचं भांडण बांधावरून हललं नाही. सूर्य वेळेवर उगवतो, चंद्र वेळेवर वाढतो, पंचांगात लिहिलेली भरती सांगितल्या वेळी येते. एवढी शिस्त, आणि ती लावणारा कोणी नाही? माझ्या वर्गात चाळीस पोरं, मी क्षणभर बाहेर गेले तर बाजार भरतो! तुम्ही म्हणायचात, "पोरांना मन आहे म्हणून गोंधळ. पाण्याला मन नाही म्हणून शिस्त. चंद्र ओढतो, पाणी चढतं, दार मिटतं. यात तुझा माणूस बसवायला जागा कुठं आहे, सांग."

मी म्हणायचे, सुतार तरी कबूल आहे ना?

सुताराचं उत्तर तुम्ही एकदा दिलंत ते मला अजून टोचतं, कारण ते चांगलं होतं. तुम्ही म्हणालात की पहिल्या सुतारानं दार उलटं बसवलं असेल, शेत बुडालं असेल. दुसऱ्यानं हलकं बसवलं, ते वाहून गेलं. तिसऱ्याचं अडकलं. चुकलेली सगळी दारं मांडवीतून समुद्रात गेली, ती तुला दिसत नाहीत. तुला दिसतं ते टिकलेलं एक, आणि तू त्यालाच नमस्कार करतेस. झाडं, मासे, माणसं सगळं तसंच, वयनी. फसलेलं गेलं, उरलं ते नीट दिसतं. मी म्हटलं, कुठलं चुकलं नि कुठलं बरं, हे ठरवायला तरी कोणी लागतो. तुम्ही म्हणालात, "पाणी ठरवतं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. आणि तुम्ही त्या दोन दिवसांत तीनदा विचारलंत, चहात साखर का नाही म्हणून.

सुमन झाली त्या दिवशी मात्र तुमची बोलती बंद होती. तुम्ही तिची मूठ उघडून बघत होता आणि लहान मुलासारखे म्हणालात, "नाखटांय आसात गो!" एवढ्याशा बोटांना एवढीएवढीशी नखं. मी संधी सोडते होय? म्हटलं, आता सांगा, ही कुणी लावली? दुसऱ्या दिवशी बरोबर पुस्तक घेऊन आलात, माशाच्या परापासून बोटं कशी होत गेली त्याची चित्रं दाखवायला. मी विचारलं, म्हणजे आपली आई माशाची लेक? आई मागंच उभ्या होत्या. तुम्हांला त्या दिवशी जेवणात माशाचं हुमण मिळालं नाही, नुसती डाळ मिळाली.

आणि चवथीची माटोळी! गणपतीच्या डोक्यावरची माटोळी गावात तुमच्याइतकी सुंदर कोणी बांधत नव्हतं, हे तुमचे विरोधकसुद्धा मान्य करतील. आठ दिवस आधीपासून रानात. कांगलां, कवंडळं, सुपारीचं शिपटं, कुठकुठली नावं ठाऊक नसलेली फळं, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. एक फळ इकडचं तिकडं लावलं तर खाली उतरवून परत बांधायचात. मी एकदा विचारलं, देव मानत नाही, मग ही सजावट कुणासाठी? तुम्ही शिडीवरूनच म्हणालात, "फळांखातीर." मला तेव्हा हसू आलं. आता वाटतं, तुम्ही पूजाच करत होता की. आरतीला मात्र बाहेर जाऊन उभे राहायचात, दोन्ही हात पाठीमागं बांधून, चुकून जुळतील की काय अशी भीती वाटल्यासारखे.

बांधाला खांड पडली ते वर्ष तुम्हांला वेगळं सांगायला नको. श्रावणातल्या पुनवेची मोठी भरती, त्यात खनिजाच्या बार्जी नदीतून जाऊन-येऊन लाटांनी बांध पोखरलेला, आणि एवढ्याशा खेकड्याचं, कुर्लीचं बीळ. एवढंच निमित्त. पहाटे उठून बघतो तर पोटरीला आलेली भातं खाऱ्या पाण्यात. सगळा गाव चिखलात उतरला. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात खुंटे ठोकत होता. मी पेज घेऊन आले तर तुम्ही तोंडावरचा चिखल पुसत म्हणालात, "एका कुर्लीनं बीळ पाडलं आणि तुझ्या माणसाची सगळी व्यवस्था बुडाली. खंय आसा तो?" मला असा राग आला! मी तिथंच सगळ्यांच्या देखत ओरडले, "मोडलं म्हणून तर कळलं ना, इतकी वर्षं नीट होतं ते! तेव्हा एकदा तरी म्हणालात का, खंय आसा तो?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि पेजेचा टोप हातात घेतलात. "हें बरें उलयलें," म्हणालात. त्या माणसांनी भरलेल्या बांधावर तुम्ही मला शाबासकी दिलीत. आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांत ती एक मी कोणाला सांगितलेली नाही.

अबोला एकदाच खरा झाला, आणि तोही देवावरून नव्हे. भाषेवरून. सगळं गोंय पेटलेलं, भिंती रंगलेल्या, एकाच घरात दोन बाजू. तुम्ही कोकणीचे, मी मराठीची, शाळेत मराठी शिकवणारी. तुम्ही मला सुनावलंत की वयनी, तू भांडतेस कोकणीतून आणि सह्या करतेस मराठीसाठी. मी म्हटलं, आरती काय कोकणीतून म्हणतो का आपण? मग तुम्ही वेगळ्या वेळेला जेवायला लागलात. आपलं वादाचं मेज रिकामं. शालन एका खोलीतून दुसरीत निरोप पोचवून वैतागली. महिने गेले. आणि एक दिवस तुम्ही जनेलाच्या गजांपाशी येऊन बाहेरूनच विचारलंत, "मानस हो शब्द मराठी काय कोकणी?" मी म्हटलं, मराठी. मानस म्हणजे मन. तुम्ही म्हणालात, "मानस म्हळ्यार पाण्याचें दार." मी म्हटलं, मग दोन्ही. तुम्ही आत आलात आणि बसलात. पुढं गोव्याचं वेगळं राज्य झालं, फटाके वाजले, ते आपण एकाच ओसरीवर बसून बघितले.

तेव्हा तुम्हांला सांगायचं राहिलं की तुम्ही बोलत नव्हता ते महिने मला देवघरातसुद्धा करमत नव्हतं. नमस्कार करायचे आणि वाटायचं, नाही म्हणणारा कोणी नसला तर हो म्हणण्यात जोरच येत नाही. तुम्ही माझी श्रद्धा रोज घासत होता म्हणून ती लखलखीत राहिली. याबद्दल तुमचे आभार मानायला हवे होते. पण आभार मानले असते तर तुम्ही त्याचासुद्धा मुद्दा केला असता.

आणि मग इस्पितळ. छातीत दुखून तुम्हांला बांबोळीला नेलं ते काजूचा मोहर होता तेव्हा. दुपारी शालन कपडे धुवायला घरी आली की मी तुमच्याजवळ बसायचे. तुम्ही बारीक झाला होता, आवाज खोल गेला होता, पण डोळे तेच खोडसाळ. एका दुपारी छताकडे बघत तुम्ही म्हणालात, "वयनी, तुजो मनीस..." मला वाटलं आता टोमणा येणार. मी उत्तर तयारच ठेवलं. तुम्ही म्हणालात, "आसलो जाल्यार बरें आशिल्लें."

असता तर बरं होतं.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, पाणी देऊ का. बाई म्हणून इतकी वर्षं पोरांना शिकवलं, तुमच्याशी तोंडाला तोंड दिलं, आणि त्या वेळी एक शब्द सुचला नाही. तुम्ही हरला असता तर मी काहीतरी बोलले असते. पण तुम्ही हरला नव्हता. 'आहे' असं तुम्ही म्हणालाच नाही. नुसतं, असता तर बरं होतं. माझ्या बाजूच्या माणसानं असं कधी म्हटलं नाही, आणि तुमच्या बाजूच्याही नाही. घोटभर पाणी घेऊन तुम्ही झोपलात. त्यानंतर आपण या विषयावर बोललो नाही. आठवडाभरानं तुम्ही गेलात, माझ्याहून लहान असून.

हे सगळं आठवलं आणि आज दुपारी सुमनला घेऊन मागच्या पडवीत बसले. म्हटलं, ऐक. जग नीट चालतंय म्हणून कोणीतरी चालवणारा असणार, असं मी आजवर सांगत आले. तुझा बाबा गेल्यापासून मला ते नीट चालणं दिसेनासं झालंय. सूर्य उगवतो, पाणी येतं-जातं, ते सगळं आहे, पण त्यावरून मला काही सिद्ध करावंसं वाटत नाही. इतक्या शिस्तीच्या जगात पन्नाशीही न गाठलेला माणूस असा उठून जातो, आणि भरती दुसऱ्या दिवशी वेळेवर येते, याचा मला संताप येतो. मग तिला तुमचं ते वाक्य सांगितलं. मी त्यावर नुसतं पाणी विचारलं तेही सांगितलं, लपवलं नाही.

सुमन म्हणाली, "म्हणजे बाबांना हवा होता?"

म्हटलं, हवा होता, पण म्हणून आहे असं तुझा बाबा म्हणाला नाही. तेवढा तो सरळ होता.

"आणि तुला?"

भावजी, मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, मलाही हवाय. पूर्वी हवा होता तो जग बांधलं म्हणून, आता भांडायला हवाय. समोर उभा राहू दे, मग विचारते त्याला. शिस्त म्हणतात ती ही का? तो असेल तर मी त्याला सोडणार नाही. आणि तो नसेल, तर सुमन, तुझा बाबा गेल्यावर मी आता कोणाशी भांडू गो? आणि मला आवरेना, तिच्यासमोर रडले. चौदा दिवसांत पहिल्यांदा.

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, की देवाची इच्छा म्हणाली नाही. डोळे पुसून पाय वर घेतले, मांडी घातली आणि म्हणाली, "म्हजेकडेन झगड, माई."

माझ्याशी भांड म्हणणारी ती तुमच्या बाजूला बसलीय की माझ्या, ते अजून मला कळलेलं नाही. पण बसलीय, भावजी.